रविवारची उपासना : प्रथमच येणाऱ्या विद्यार्थ्यास

वैनगंगेवरील आष्टीचा पूल ओलांडून पूर्वेस गेलें म्हणजे मुलचेऱ्याचा सागवानी मुलूख लागतो. एके काळीं हा सर्व प्रदेश जुन्या चांदा जिल्ह्यांत मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला, तेव्हां हा भाग नव्या जिल्ह्याकडे गेला. येथील बाजारांत मराठीबरोबर गोंडी, माडिया, बंगाली व तेलुगु ह्या भाषाही कानीं पडतात. गोंड व माडिया हे येथील जुने रहिवासी. पूर्व पाकिस्तानांतून निराश्रित होऊन आलेलीं बंगाली कुटुंबें मागाहून येथें वसलीं. ह्या मुलखांतील विद्यार्थी पुढील शिक्षणासाठीं बाहेर पडतो, तेव्हां आष्टी, गोंडपिपरी ह्या वाटेनें तो बहुधा चंद्रपुरास येतो, आणि तेथून क्वचित् नागपुरासही जातो.

शहरांत आल्यावर त्यास देवळें, मशिदी व विहार ह्यांच्याबरोबर एखादें चर्चही दिसतें. रविवारीं सकाळीं तेथील घंटा वाजते. वर्गांतील एखादा ख्रिस्ती मित्र सहज म्हणतो, "चल, आज आमच्याबरोबर उपासनेस ये." अशा वेळीं मुलाच्या मनांत अनेक शंका उभ्या राहतात. आंत गेल्यावर बसावें कोठें? सर्व उठले म्हणजे आपणही उठावें काय? प्रसादासारखें कांहीं देऊं लागले तर घ्यावें कीं नको? आणि घरीं कळलें तर "पोर बाटलें" असें तर कोणी म्हणणार नाहीं ना? ह्या शंका क्षुल्लक नाहींत. त्यांचीं सरळ उत्तरें न मिळाल्यामुळें कोणी दारावरूनच परत फिरतो, तर कोणी आंत जाऊन सर्व वेळ अवघडून बसतो. म्हणून ह्या पाठांत आम्ही त्या उपासनेचा क्रम, त्यामागील हेतु व त्यांत पाहुण्याचें स्थान ह्यांचा विचार करणार आहों.

मंडळीचा पूर्ववृत्तांत

प्रथम नांवाविषयीं. ज्या मंडळीचा कारभार बिशपांच्या देखरेखीखालीं चालतो, तीस एपिस्कोपल मंडळी म्हणतात. "एपिस्कोपोस" ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ वरून देखरेख करणारा असा आहे. मराठी बायबलांत त्यास "अध्यक्ष" हा शब्द योजिला आहे. इंग्लंडांत ह्याच परंपरेस अँग्लिकन म्हणतात. स्कॉटलंडांत व अमेरिकेंत मात्र "एपिस्कोपल" हेंच नांव रूढ झालें. अमेरिकन वसाहती स्वतंत्र झाल्यावर तेथील मंडळीस स्वतःचा बिशप हवा होता. परंतु इंग्लंडांत बिशपाची दीक्षा घेणाऱ्यास राजनिष्ठेची शपथ वाहावी लागे, आणि स्वतंत्र देशाच्या नागरिकास ती वाहतां येईना. तेव्हां सॅम्युएल सीबरी ह्यांनीं स्कॉटलंडची वाट धरिली व १४ नोव्हेंबर १७८४ रोजीं अॅबर्डीन येथें तीन स्कॉटिश बिशपांच्या हातून दीक्षा घेतली.

ह्याच स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीनें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आपल्या चांदा येथें मिशन स्थापिलें. १९०३ सालीं नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला व आयर चॅटर्टन हे त्याचे पहिले बिशप झाले. चांद्याच्या मिशनांत अनेक वर्षें काम केलेले अॅलेक्स वुड हे १९१९ सालीं छोटा नागपूरचे व १९२६ सालीं नागपूरचे बिशप झाले; म्हणजे चांद्याच्या अरण्यांत फिरलेला मनुष्य नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलांतील बिशपाच्या आसनावर बसला. १९३० सालीं हिंदुस्थानांतील अँग्लिकन मंडळी इंग्लंडच्या मंडळीपासून स्वतंत्र झाली. पुढें २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथेंच सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे उत्तर भारत मंडळी, अस्तित्वांत आली. तेव्हांपासून ही परंपरा त्या संयुक्त मंडळींत सामावलेली आहे. बिशप, पाळक व डीकन हीं तिन्ही पदें तींत कायम राहिलीं, आणि स्त्रियांसही हीं पदें मिळूं शकतात. सहा प्रवाह एकत्र आल्यामुळें प्रत्येक गांवीं उपासनेचा तपशील अगदीं एकसारखा असेल असें नाहीं. तथापि पुढें दिलेला सांगाडा ओळखण्यास वाचकांस अडचण पडूं नये.

जाण्यापूर्वीं

मुख्य गोष्ट ही कीं, जाणें हें स्वखुशीचें असावें. भारतीय राज्यघटनेच्या २८ व्या कलमाच्या तिसऱ्या खंडांत असें ठरविलें आहे कीं, सरकारमान्य अथवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत शिकणाऱ्या कोणासही त्या शाळेंतील धर्मशिक्षणास अगर तिच्या आवारांतील उपासनेस त्याच्या संमतीवांचून हजर राहावयास लावतां येत नाहीं. विद्यार्थी अज्ञान असल्यास त्याच्या पालकाची संमति पाहिजे. हा नियम मिशनच्या शाळांसही लागू आहे, आणि आमच्या मतें तो उपासनेच्या हिताचाच आहे. हजेरीपटाच्या धाकानें जोडलेल्या हातांत प्रार्थना कोठून येणार? ह्यास्तव विद्यार्थ्यानें चोरून जाऊं नये व कोणाच्या भिडेनेंही जाऊं नये. घरीं सांगावें, वसतिगृहाच्या अधीक्षकांस विचारावें, आणि मग मोकळ्या मनानें जावें.

पोशाख स्वच्छ व साधा असला म्हणजे पुरे. कित्येक मराठी मंडळ्यांत स्त्रिया प्रार्थनेच्या वेळीं डोक्यावर पदर अगर ओढणी घेतात. कांहीं ठिकाणीं पुरुष व स्त्रिया निरनिराळ्या बाजूंस बसतात. पादत्राणें कोठें बाहेर काढितात, कोठें काढीत नाहींत. ह्या स्थानिक चाली आहेत. दारापाशीं क्षणभर थांबून इतर लोक काय करतात तें पाहावें, म्हणजे झालें. उपासनेस बहुधा एक ते दीड तास लागतो. पांच दहा मिनिटें आधीं पोहोंचल्यास जागा निवडण्यास सवड मिळते. नवख्यानें मधल्या अगर मागच्या बाकावर बसावें. तेथून पुढच्यांचें उठणें बसणें दिसतें, आणि त्यास पाहून आपणांस चालतां येतें.

दारांत कोणी "सलाम" म्हणून हात जोडील. मराठी ख्रिस्ती लोकांत हें अभिवादन फार जुनें आहे. त्यास आपण "नमस्कार" म्हणा, "जोहार" म्हणा अगर "जय भीम" म्हणा. अभिवादनाचें उत्तर अभिवादनानें दिलें कीं शिष्टाचार पूर्ण झाला.

उपासनेचा पूर्वार्ध : वचन

आंत समोर एक मेज दिसेल. त्यास वेदी म्हणतात. त्यावर वस्त्र, क्रूस व बहुधा दोन मेणबत्त्या असतात. वस्त्राचा रंग वर्षाच्या ऋतूप्रमाणें बदलतो. नाताळापूर्वींचा आगमनकाळ व पुनरुत्थानदिनापूर्वींचा उपवासकाळ ह्यांत जांभळा, नाताळ व पुनरुत्थानदिन ह्या सणांस पांढरा, पेंटेकॉस्टच्या दिवशीं तांबडा आणि उरलेल्या साध्या दिवसांत हिरवा असा सामान्य संकेत आहे. अक्षरओळख नसलेल्या भाविकासही रंगावरून वर्ष कोठवर आलें तें कळावें, असा ह्या संकेताचा उपयोग आहे.

आरंभीं गीत होतें व सर्व उभे राहतात. पुढें प्रार्थना, आणि मग पापांगीकार. त्यांत सर्व जण एका स्वरानें आपले दोष देवापुढें कबूल करितात व पाळक क्षमेचे शब्द उच्चारतो. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. हा अंगीकार पाळकासही इतरांबरोबरच करावा लागतो. मामलेदार, शिपाई, डॉक्टर व झाडूवाला सर्वांस तेच शब्द म्हणावे लागतात. कोणाचा दोष कोणता हें तेथें कोणी विचारीत नाहीं.

नंतर बायबलांतील उतारे वाचिले जातात : एक जुन्या करारांतून, एक स्तोत्रसंहितेंतून, एक प्रेषितांच्या पत्रांतून आणि शेवटीं एक शुभवर्तमानांतून. पहिल्या वाचनांस लोक बसून राहतात, शुभवर्तमानास उभे राहतात. हें वाचन पुष्कळदां मंडळींतील साधीं माणसें करितात. एखाद्या रविवारीं आपल्याच वयाचा मुलगा वाचावयास उभा राहिलेला दिसेल. त्यानंतर पाळकाचा उपदेश होतो. मग सर्व उभे राहून विश्वासांगीकार म्हणतात, म्हणजे ख्रिस्ती लोक काय मानितात ह्याचें थोडक्यांत निवेदन करितात. ज्यास तो विश्वास मान्य नाहीं त्यानें ते शब्द म्हणण्याचें कारण नाहीं; इतरांबरोबर स्तब्ध उभें राहिलें तरी मान राखल्यासारखें होतें, आणि बसून राहिलें तरी अपमान होत नाहीं. पाठोपाठ देशासाठीं, राज्यकर्त्यांसाठीं, आजाऱ्यांसाठीं व मृतांच्या कुटुंबांसाठीं प्रार्थना होतात.

हे सर्व शब्द छापील असतात, ह्याचें नवख्यास नवल वाटतें. दररविवारीं तेंच तें म्हणण्यांत काय अर्थ, असें तो विचारील. ह्या रीतीचें मूळ इंग्लंडांत आहे. १५४९ सालीं तेथें प्रथमच संपूर्ण उपासना लोकभाषेंत छापून निघाली. तोंवर ती लॅटिन भाषेंत चाले व सामान्य जनांस ती केवळ ऐकावी लागे. पुढें १६६२ सालीं त्या प्रार्थनापुस्तकास जें रूप मिळालें, तेंच ह्या परंपरेबरोबर जगभर गेलें. पाळकानें एक वाक्य म्हणावें व लोकांनीं दुसऱ्यानें उत्तर द्यावें, अशी त्याची रचना आहे. ठरलेल्या शब्दांचा एक लाभ असा कीं, उपासना कोणा एकाच्या वक्तृत्वावर अवलंबून राहत नाहीं. दुसरा लाभ पाहुण्यास होतो : पुढें काय येणार तें त्यास आधींच वाचतां येतें. ज्या सभेंत केव्हां काय मागतील ह्याचा भरंवसा नसतो, तेथें परका मनुष्य अंग चोरून बसतो. येथें पान उघडें आहे, आणि त्यावर लिहिलेल्यापेक्षां अधिक कोणी कांहीं मागणार नाहीं.

शांतीचें अभिवादन व अर्पण

प्रार्थनांनंतर लोक एकमेकांकडे वळून शांति इच्छितात. कोणी हात जोडितो, कोणी हातांत हात घेतो. पाहुण्याकडेही दोनचार जण येतील. त्यांस हात जोडून उत्तर द्यावें. हा विधि औपचारिक दिसतो खरा. परंतु ज्याच्याशीं भांडण आहे त्याच्याशीं समेट केल्याशिवाय वेदीपाशीं जाऊं नये, ही त्यामागील शिकवण आहे.

मग गीत चालूं असतां दानाची थैली अगर तबक फिरतें. तें मंडळीच्या सभासदांसाठीं आहे. पाहुण्यानें कांहीं न टाकतां तें पुढें दिलें तर कोणी वाईट मानीत नाहीं.

उत्तरार्ध : प्रभुभोजन

आतां ज्या प्रसंगीं नवखा मनुष्य सर्वांत अधिक गोंधळतो त्याकडे वळूं. येशूनें मरणाच्या आदल्या रात्रीं आपल्या शिष्यांबरोबर भोजन करितांना भाकर मोडून दिली व पेला दिला. त्याचें स्मरण करून ख्रिस्ती लोक भाकर व द्राक्षरस घेतात. पाळक वेदीपाशीं उपकारस्तुतीची मोठी प्रार्थना म्हणतो, सर्व जण प्रभूची प्रार्थना म्हणतात, भाकर मोडिली जाते, आणि मग लोक ओळीनें पुढें जाऊन गुडघे टेकतात. कांहीं ठिकाणीं सर्वांस एकाच पेल्यांतून देतात, कांहीं ठिकाणीं भाकर रसांत बुडवून देतात.

हें प्रभुभोजन बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठीं आहे. मंदिरांतील प्रसादाप्रमाणें तो आलेल्या प्रत्येकास वाटावयाचा पदार्थ नव्हे. तें एका विश्वासाचें व एका कुटुंबाचें चिन्ह समजलें जातें. म्हणून बाप्तिस्मा न झालेल्या पाहुण्यानें आपल्या जागींच बसावें. शेजारच्यास वाट देण्यासाठीं पाय आवरून घ्यावे, म्हणजे झालें. अनेक ठिकाणीं अशीही चाल आहे कीं, इच्छा असल्यास पाहुण्यानें ओळींतून पुढें जावें व हात छातीवर दुमडून ठेवावे. मग पाळक त्यास भाकर न देतां नुसता आशीर्वाद देतो.

बसून राहण्यांत कमीपणा तर नाहीं ना? आम्हांस तसें वाटत नाहीं. आमच्या गोंड वाचकांस ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाहीं. गोंड समाजांत चार, पांच, सहा व सात देवांचीं कुळें आहेत, आणि ज्या कुळाचा पेन त्याची पूजा तें कुळ करितें. दुसऱ्या कुळाचा सोयरा तेथें आला तर त्याचा मान राखिला जातो, परंतु त्या पूजेचा अधिकार तो मागत नाहीं व न मिळाल्यानें रुसतही नाहीं. पाहुण्याचा मान आणि घरच्याचा अधिकार ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. दोन्हींचा आदर करितां येतो.

मात्र घरच्यांनीं आपसांत भेद केला तर तो निराळा दोष होय, आणि तो दोष इतिहासांत घडला आहे. दक्षिणेंत तंजावर प्रांतीं ख्रिस्ती मंडळ्यांत जातवार निरनिराळ्या जागा असत आणि प्रभुभोजनही जातीच्या क्रमानें घेण्यांत येई. कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन ह्यांनीं १८३३ सालीं पत्र लिहून हा भेद मोडण्याची आज्ञा केली. त्यावरून पुष्कळांनीं मंडळी सोडली, तरी आज्ञा मागें घेण्यांत आली नाहीं. एका भाकरीचा अर्थ शब्दांनीं सांगणें सोपें आहे. शेजारीं कोण गुडघे टेकतो हें न पाहतां ती घेणें कठीण आहे. आजही एखाद्या मंडळीची पारख करावयाची असेल, तर ती ह्याच ठिकाणीं करावी.

भोजनानंतर उपकारस्तुति, आशीर्वाद व निरोपाचे शब्द होऊन उपासना संपते.

गीतांविषयीं थोडेंसें

नवख्यास जें सर्वांत लवकर आपलेंसें वाटतें तें गायन. कांहीं गीतें इंग्रजी चालींवर आहेत. परंतु पेटी, तबला व झांज ह्यांच्या साथीनें भजन सुरू झालें कीं वारकरी कीर्तन अगर बंगाली नामसंकीर्तन ऐकलेल्या मुलाचा पाय आपोआप ठेका धरतो. ह्याचें मोठें श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांस आहे. त्यांचा जन्म १८६१ सालचा. नागपूर व राजनांदगांव येथें त्यांचीं कांहीं वर्षें गेलीं. १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला व १९१९ सालीं ते निवर्तले. अभंग, ओवी व पद ह्या मराठी छंदांत त्यांनीं ख्रिस्ती भक्ति ओतिली, आणि त्यांचीं पुष्कळ गीतें "उपासना संगीत" ह्या पुस्तकांत आहेत. टिळक ह्या एपिस्कोपल परंपरेंतले नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनचे. तरी त्यांचीं गीतें सर्व मराठी मंडळ्यांत गाइलीं जातात. ज्यास शब्द पटतील त्यानें गावें. ज्यास न पटतील त्यानें ऐकावें.

उपासनेस जाणें म्हणजे बाटणें नव्हे

घरच्यांच्या भीतीचा विचार आतां करूं. चर्चमध्यें बसल्यानें, गीत ऐकल्यानें किंवा पाळकाचा आशीर्वाद घेतल्यानें कोणी ख्रिस्ती होत नाहीं. ख्रिस्ती होण्याचा विधि बाप्तिस्मा हा आहे, आणि प्रौढ मनुष्यास तो नकळत देतां येत नाहीं : त्यापूर्वीं शिक्षण घ्यावें लागतें व मंडळीसमक्ष विचारलेल्या प्रश्नांस स्वतःच्या तोंडानें उत्तरें द्यावीं लागतात. आईबापांनीं हें जाणावें, आणि मुलांनींही जाणावें. उपासना संपल्यावर चहाच्या पेल्याबरोबर कोणी धर्मांतराची गळ घालूं लागला, तर "मी पाहण्यास आलों आहें" एवढें सौम्यपणें सांगून निघून यावें.

मंडळीच्या मुलांस

आमच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांसही दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण स्वागताचा भार पाहुण्यावर नसून यजमानावर असतो. मित्रास आणाल तर त्यास एकटें सोडूं नका. त्याच्याजवळ बसा व पुस्तकाचें पान काढून द्या. त्याचें आडनांव विचारून जात काढूं नका. त्यास सर्वांपुढें उभें करून टाळ्या वाजवूं नका. तो गुडघे टेकीत नाहीं म्हणून त्याच्याकडे टक लावून पाहूं नका, आणि पुढच्या रविवारीं तो आला नाहीं तर सोमवारीं वर्गांत त्याच्याशीं पूर्वींसारखेंच बोला. शेवटली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पुन्हां न आलेल्या पाहुण्याशीं मैत्री टिकली, तरच पहिल्या दिवशींचें स्वागत त्याच्यासाठीं होतें. न टिकली तर तें आपल्या मंडळीची संख्या वाढावी म्हणून होतें असें ठरेल.

तात्पर्य, ह्या उपासनेस येणाऱ्यानें तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या : स्वखुशीनें यावें, जें पटेल त्यांत भाग घ्यावा, आणि जें आपलें नाहीं त्याचा मान राखून स्वस्थ बसावें. ज्या घरांत पाहुण्यास नाहीं म्हणण्याची मोकळीक आहे, त्याच घरांत त्याच्या होकारासही किंमत असते.